शपथा पुरे, मोजणी सुरू करा

पर्यावरणशिक्षणाचा विषय निघाला की हल्ली एक ठरलेले उत्तर ऐकू येते. शिक्षकांच्या खोलीत, पालकसभेत, संस्थाचालकांच्या बैठकीत, वर्तमानपत्रांच्या पत्रव्यवहारात, सगळीकडे तेच. ‘विषय अनिवार्य आहे. पुस्तक आहे, तासिका आहे, प्रकल्प आहे. मुले झाडे लावतात, शपथ घेतात, प्रभातफेरी काढतात. पाचवीतल्या पोरालाही ओझोन ठाऊक आहे. आता आणखी काय शिकवायचे? शिक्षण झाले, राहिली ती अंमलबजावणी. ती सरकारने करावी, शाळेच्या मानगुटीवर बसू नये.’

असे म्हणणारे लोक पर्यावरणाचे शत्रू नव्हेत. त्यांतले बरेच जण थकलेले शिक्षक आहेत आणि त्यांचा थकवा खरा आहे. म्हणून हा युक्तिवाद हसण्यावारी नेऊन चालणार नाही, त्याचे एकेक कलम घेऊन उत्तर द्यायला हवे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. पर्यावरणशिक्षण जास्त झाले ही तक्रारच चुकीची आहे, कारण ते अजून धड सुरू झालेले नाही. आजवर झाले ते सद्वर्तनाचे पाठ. ज्या उत्तरपत्रिकेत गावाचे नाव बदलले तरी उत्तर बदलत नाही, ती पर्यावरणाची उत्तरपत्रिका नव्हे. आणि आपल्या मुलांनी तीस वर्षे तसल्याच उत्तरपत्रिका लिहिल्या आहेत.

पहिले कलम अनिवार्यतेचे. ॲड. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निकाल दिला. चित्रपटगृहांनी प्रत्येक खेळाला पर्यावरणाविषयीच्या निदान दोन स्लाइड फुकट दाखवाव्यात, आकाशवाणी-दूरदर्शनने रोज पाच-सात मिनिटे द्यावीत आणि शाळा-महाविद्यालयांत हा विषय इयत्तावार, सक्तीने शिकवावा, असे आदेश त्यात होते. शाळांबाबतचा आदेश पुढच्याच शैक्षणिक वर्षापासून अमलात आणायचा होता. प्रत्यक्षात काय झाले? बारा वर्षांनी, २००३ मध्ये, न्यायालयाला पुन्हा लक्ष घालावे लागले आणि एनसीईआरटीला इयत्तावार अभ्यासक्रम तयार करायला सांगावे लागले. त्यानंतर कागदावर सारे आले. पदवीच्या वर्गांनाही सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आला. आपल्या राज्यात नववी-दहावीला जलसुरक्षा आली, अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा आले.

आता ‘मुलांच्या मनावर लहानपणीच बिंबवले की मोठेपणी ती नीट वागतात’ हा सिद्धान्त तपासून पाहा. निकालानंतरच्या वर्षी पहिलीत बसलेले मूल आज चाळिशीला टेकले आहे. ते नगरसेवक झाले आहे, बांधकाम व्यावसायिक झाले आहे, तहसील कचेरीत फायलींवर सह्या करते आहे, सोसायटीचे सचिव आहे. ‘उद्याचे नागरिक’ म्हणून ज्यांच्याकडे आपण बोट दाखवत होतो ते नागरिक आज खुर्चीत बसलेले आहेत. पुढची पिढी हे सांभाळून घेईल असे म्हणत आपण एक अख्खी पिढी खर्ची घातली, आणि आता तिच्या मुलांकडून पुन्हा तीच शपथ घेऊ लागलो आहोत. सक्तीने विषय आला. त्या विषयातून माणसाच्या हाती काय आले, हे मात्र कोणी विचारले नाही.

हाती काय येते, हे पाहायचे असेल तर बारावीची प्रकल्पवही उघडावी. प्रस्तावना, उद्दिष्टे, कार्यपद्धती, निरीक्षणे, विश्लेषण, निष्कर्ष, संदर्भ, क्रम ठरलेला. विषयही ठरलेले: परिसरातील प्रदूषित ठिकाणाला भेट, घनकचऱ्याचे व्यवस्थापन, पर्जन्यजलसंधारण. स्टेशनरीच्या दुकानात छापील प्रकल्प मिळतो, मोबाइलवर पीडीएफ मिळते. मूल ते एका रात्रीत सुवाच्य अक्षरात उतरवते. मुखपृष्ठावर निसर्गचित्र, आत चिकटवलेली रंगीत चित्रे. ‘निरीक्षणे’ या सदरात लिहिलेले असते की नदीचे पाणी काळसर दिसले, दुर्गंधी येत होती, काठावर प्लास्टिक आढळले. कोणती नदी, हे वहीत नसते. कोणत्या पुलापासून, कोणत्या महिन्यात, कोणत्या नाल्याच्या तोंडाशी, तेही नसते. नसते, कारण निरीक्षण करायला कोणी गेलेलेच नसते. निष्कर्षात ‘जनजागृती होणे गरजेचे आहे’ हे वाक्य येते आणि वही तपासून होते. ज्या मुलाला स्वतःला जाग आलेली नाही, ते जनतेची जागृती मागते आणि त्याबद्दल त्याला श्रेणी मिळते. दोष मुलाचा नाही. उतरवलेल्या वहीला आणि खरोखर नाल्याच्या काठी उभे राहून लिहिलेल्या वहीला आपण सारखेच गुण देतो. मग मूल चिखल का तुडवेल?

हा निव्वळ शाळेचा आळस असता तर मी एवढे लिहिले नसते. अभ्यासक्रमाची सगळी ठेवणच अशी आहे की कोणाला अडचणीचा प्रश्न पडू नये. दात घासताना नळ बंद करा, खोलीबाहेर पडताना दिवा मालवा, कापडी पिशवी वापरा, फटाके उडवू नका. २०२२ मध्ये देशभर सुरू झालेल्या ‘मिशन लाइफ’मध्येही व्यक्तीने करायच्या ७५ कृतींची यादी आहे. त्यातली एकही कृती वाईट नाही. पण मे महिन्यात ज्या गावात टँकरपुढे हंड्यांची रांग लागते, त्या गावच्या शाळेत ‘नळ बंद करा’ हा धडा कोणासाठी आहे? त्या वर्गातल्या मुलीला नळ बंद करण्याचा प्रश्न येत नाही, तिच्या घरी नळालाच पाणी येत नाही. तिला पडलेला प्रश्न निराळा आहे. गावातली पिण्याच्या पाण्याची विहीर मार्चमध्ये आटते आणि त्याच शिवारात काही जणांचा ऊस मेमध्येही हिरवागार असतो, हे कसे? हा प्रश्न पुस्तकात नाही.

प्लास्टिकचेही तेच. राज्यात २०१८ च्या मार्चमध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि गल्लोगल्ली शाळांच्या फेऱ्या निघाल्या. फेरीतल्या किती मुलांना सांगितले गेले की २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वेष्टनाचा कचरा परत गोळा करण्याची जबाबदारी ते वेष्टन बाजारात आणणाऱ्या उत्पादकाचीही आहे? दुधाची पिशवी किमान ५० पैसे देऊन परत घ्यावी, अशी तरतूद त्या राज्यबंदीतच होती. एखाद्या वर्गाने आठवडाभराच्या पिशव्या धुऊन, वाळवून दुकानात नेल्या असत्या, पैसे मागितले असते, काय उत्तर मिळाले ते लिहून ठेवले असते, तर तो पर्यावरणाचा खरा तास झाला असता. मुलांना कायदा कळला असता, कायदा आणि बाजार यांतले अंतरही कळले असते. त्याऐवजी आपण त्यांच्या हातात फलक दिला आणि रस्त्यावरच्या कचऱ्याचा अपराध त्यांच्या आईच्या पिशवीवर ढकलला.

‘गुण मिळवणारा विद्यार्थी विषय जाणतो’ या समजुतीवर ज्यांचा अजून विश्वास आहे, त्यांनी लातूर आठवावे. गुणवत्ता यादी गाजवणारा ‘लातूर पॅटर्न’ महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. त्याच लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर आले. लातूरच्या विद्यार्थ्यांनी पाणी संपवले, असा याचा अर्थ नाही. पाण्याचे निर्णय कारखान्यांच्या, पाटबंधाऱ्यांच्या आणि मंत्रालयाच्या दालनात होत होते. पण राज्यातले उत्तमोत्तम गुण मिळवणाऱ्या शहराला आपल्या धरणात किती पाणी आहे, ते कुठे जाते आणि कधी संपणार, याचा हिशेब वेळेवर मागता आला नाही, हेही खरे. परीक्षेतल्या पाण्याच्या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांना येत होते. नळातल्या पाण्याच्या प्रश्नाची सवयच कोणी लावली नव्हती.

मग शिकवायचे काय? इथे प्रतिपक्षाची अपेक्षा असते की मी आता आणखी एका पुस्तकाची मागणी करीन. मुळीच नाही. एक दोरी, एक मोजपट्टी, एक पर्जन्यमापक आणि एक वही एवढ्यात सातवीचे वर्ष निघते.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. शाळेचे छप्पर वीस मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असेल, तर पाचशे मिलिमीटर पावसात त्यावर एक लाख लिटर पाणी पडते. ते कुठे गेले? पन्हाळीतून गटारात. शाळेजवळच्या विहिरीचा व्यास सहा मीटर असेल, तर पाण्याची पातळी एक मीटर उतरली म्हणजे सुमारे २८ हजार लिटर पाणी गेले. दगड बांधलेली दोरी सोडायची, भिजलेल्या खुणेपासून काठापर्यंतचे अंतर मोजायचे, तारखेनिशी लिहायचे. भूजल सर्वेक्षणाची सरकारी यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर महिन्यांत घेते. त्याच महिन्यांत शाळेनेही घ्यावी. मेमध्ये सुट्टी असते, तर गावातच राहणाऱ्या दोन मुलांनी घ्यावी. पाच वर्षांत शाळेच्या भिंतीवर जो आलेख उभा राहील, तो गावातल्या कोणत्याही भाषणापेक्षा जास्त बोलेल. गणिताच्या शिक्षकांना घनफळासाठी दुसरे उदाहरण शोधावे लागणार नाही.

हे स्वप्नरंजन आहे असे म्हणणाऱ्यांनी अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार पाहावे. पर्जन्यछायेतले, वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारे गाव. क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर. म्हणजे शंभर मिलिमीटर पाऊस झाला की शिवारावर सुमारे ९८ कोटी लिटर पाणी पडले. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर तिथे पाणलोटाची कामे झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. तशी कामे मात्र इतरही शेकडो गावांत झाली आणि कालांतराने गाळाने भरून गेली. हिवरे बाजार टिकले ते हिशेबामुळे. पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे येतो. आधी माणसांचे आणि गुरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढायचे, उरेल त्यावर रब्बीला काय पेरायचे ते ठरवायचे. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. हा हिशेब शाळेतल्या मुलांनाही शिकवला जातो. गाव शिकले आणि मूल शिकले, दोघांची वही एकच. पर्यावरणाची साक्षरता म्हणतात ती ही.

शहरातही हे जमते, फक्त वहीतली सदरे बदलतात. आपल्या प्रभागात रोज किती कचरा निघतो, त्यातला ओला किती, सुका किती, तो कोणत्या गाडीने कुठे जातो? पुण्यातल्या शाळेत ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या एखाद्या कचरावेचक ताईला वर्गात बोलवावे. कोणते प्लास्टिक भंगारात विकले जाते, कोणते कोणीच घेत नाही, चिप्सच्या चकचकीत पुड्यांचे पुढे काय होते, हे ती पंधरा मिनिटांत सांगेल. या बायका १९९३ पासून कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायतीत संघटित आहेत. शहराच्या कचऱ्याविषयी त्यांना जे कळते ते पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांना कळत नाही. पण त्यांना आपण वर्गात पाहुण्या म्हणून बोलावत नाही. पाहुणा म्हणून फीत कापणारा माणूस येतो.

दुसरे कलम नेमके उलट्या बाजूने येते. ‘खेड्यातल्या लोकांना, आदिवासींना तुम्ही काय पर्यावरण शिकवणार? त्यांचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचे. साक्षरता हवी ती शहरी माणसाला.’ हे बोलणे ऐकायला गोड आहे, त्यात आदर आहे आणि निम्मे खरेही आहे. कोणता कंद कोणत्या महिन्यात खावा, कोणत्या ओढ्याला शेवटपर्यंत पाणी राहते, हे गावाला कळते. पण तीनशे फूट खोल बोअर आजोबांच्या वेळी नव्हती. पाणी किती परस आहे हे विहिरीत डोकावून कळायचे. बोअरमध्ये डोकावता येत नाही. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग बेसॉल्ट खडकाचा आहे. त्यात पाणी साठते ते भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरांमध्ये, आणि तेही बेताचे. एकाने खोल बोअर मारली की शेजाऱ्याची विहीर का बसते, हे परंपरा सांगत नाही, कारण परंपरेपुढे तो प्रश्न कधी आलाच नव्हता. त्या अज्ञानाच्या जागेत पाणाड्या शिरतो. तळहातावर नारळ उभा राहतो, बोअरची गाडी येते, फुटाच्या दराने पैसे जातात, बोअर कोरडी निघते आणि पाणाड्या दुसरी जागा दाखवतो. पदवीधर शेतकरीही त्याला बोलावतो. सहा महिन्यांचा पर्यावरणाचा पेपर उत्तीर्ण झालेला पदवीधर!

परंपरा आणि अभ्यास यांत निवड करावी लागते, हा समजच खोटा आहे. गडचिरोलीतले मेंढा-लेखा हे गोंड आदिवासींचे गाव याचा पुरावा आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने त्या गावाने अभ्यासगट चालवले. जंगलाचा कायदा काय म्हणतो, बांबू कसा तोडला तर वाढतो, ग्रामसभेचे अधिकार कोणते, यावर लोक बसून वर्षानुवर्षे चर्चा करत आले. निर्णय सर्वसहमतीने. म्हणून वनहक्क कायदा आला तेव्हा ते गाव तयार होते. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. जंगलाची माहिती गावाकडे आधीपासून होती. तिला कायद्याची आणि हिशेबाची जोड अभ्यासगटाने दिली. प्रौढांचे पर्यावरणशिक्षण म्हणजे काय, हे ज्याला विचारायचे आहे त्याने पथनाट्याच्या स्पर्धा भरवण्यापूर्वी मेंढ्याला जाऊन यावे.

तिसरे कलम सहसा उघड बोलले जात नाही, चहाच्या वेळी बोलले जाते. ‘मुले मोजायला लागली तर उद्या ती विचारायला लागतील. नाल्यात कोणाचे सांडपाणी येते, वाळूचे ट्रॅक्टर रात्री कोणाचे फिरतात, पाझर तलावाच्या पोटात कोणाची मोटर आहे. शाळेत राजकारण नको.’ मला हे कलम सगळ्यांत प्रामाणिक वाटते, कारण अडचण खरी इथेच आहे. शाळेला खोली बांधून देणारा, पंधरा ऑगस्टला बिस्किटे वाटणारा आणि नाल्यात सांडपाणी सोडणारा माणूस अनेकदा एकच असतो. शिक्षकाची बदली, समितीचे अध्यक्षपद, संस्थेची देणगी, सारे त्याच्या आसपास फिरते. एकट्या शिक्षकाने त्याच्याशी पंगा घ्यावा, असे मी म्हणणार नाही.

पण विहिरीची पातळी चौदा मीटर आहे, हे वाक्य कोणत्या पक्षाचे? नाल्याचे पाणी जानेवारीत निळे होते आणि कारखाना बंद असलेल्या आठवड्यात स्वच्छ होते, ही नोंद कोणाची बाजू घेते? नोंद म्हणजे आरोप नव्हे. तिचा अर्थ लावायचे काम ग्रामसभेचे, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे, गरज पडली तर न्यायालयाचे. मुलांनी फक्त जे दिसले ते तारखेनिशी, खाडाखोड न करता लिहावे. त्यालाही जो घाबरतो, त्याची भीती काय सांगते ते वेगळे लिहायला नको. शिवाय सध्याचा अभ्यासक्रम राजकारणाच्या बाहेर आहे, हा भ्रम आहे. कचऱ्याला फक्त मूल जबाबदार, पाणीटंचाईला फक्त दात घासणारी व्यक्ती जबाबदार, असे शिकवणे हेही राजकारणच. ते फक्त बलवानांच्या सोयीचे आहे, म्हणून कोणाला खुपत नाही.

चौथे कलम वेळेचे. इथे मात्र शिक्षकांची बाजू भक्कम आहे. मतदार याद्या, सर्वेक्षणे, पोषण आहाराचे हिशेब, ऑनलाइन माहिती, प्रत्येक योजनेचे छायाचित्र. यांतून शिकवायला वेळ काढणाऱ्या माणसाला ‘आता विहीरही मोजा’ म्हणणे निर्दयपणाचे होईल. म्हणूनच माझी मागणी आधी वजाबाकीची आहे.

पाच जूनचा जागतिक पर्यावरण दिन घ्या. महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात त्याहून उशिरा. त्या दिवशी वर्गात मूलच नसते. तरी दिन साजरा झाल्याचे फोटो वर पाठवावे लागतात. असे दिन, सप्ताह, पंधरवडे, ई-शपथा आणि त्यांचे अहवाल काढून टाकावेत. राष्ट्रीय हरित सेनेची मंडळे २००१-०२ पासून शाळाशाळांत कागदोपत्री आहेत, त्यांच्याकडून वर्षाला एकच काम घ्यावे. वेळेची सोय सरकारनेच ठेवली आहे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत, राज्यात पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आला आहे. एका शनिवारी एक विहीर मोजून होते.

वजाबाकी न करता बेरीजच करत राहिल्याने काय होते, याची दोन उदाहरणे ताजी आहेत. राज्यात २०१६ पासून चार वर्षांत अनुक्रमे दोन, चार, तेरा आणि तेहतीस कोटी वृक्षलागवडीची लक्ष्ये ठेवली गेली. लागवडीच्या दिवशी शाळाशाळांतली मुले खड्ड्यांभोवती उभी होती. किती रोपे जगली यावर वाद झाला आणि २०२१ मध्ये चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमायची पाळी आली. ज्या मुलांनी रोपे लावली त्यांनाच दोन उन्हाळ्यांनी परत पाठवून जगलेली रोपे मोजायला सांगितले असते, कोणत्या जातीचे रोप टिकले आणि कोणते बकऱ्यांनी खाल्ले ते लिहून घेतले असते, तर समितीचे काम आठवड्यात उरकले असते. मुलांना लावायला बोलावले, मोजायला नाही. लावण्याचा फोटो येतो, मोजण्याचा येत नाही.

दुसरे उदाहरण लोकजैवविविधता नोंदवहीचे. माधव गाडगीळ यांच्यासारख्या वैज्ञानिकांनी या नोंदवहीची कल्पना मांडली ती गावाने स्वतः लिहायची वही म्हणून, आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यानंतर तिला अधिकृत स्थान मिळाले. वर्षानुवर्षे कोणी लक्ष दिले नाही. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, त्यानंतर राज्यांना महिन्याला दहा लाख रुपयांचा दंड सांगितला, आणि धावपळ सुरू झाली. सुमारे २८ हजार ग्रामपंचायती असलेल्या राज्यात ठिकठिकाणी बाहेरच्या संस्थांकडून, एकमेकींची नक्कल वाटाव्यात अशा वह्या भरून घेतल्या गेल्या. बारावीची उतरवलेली प्रकल्पवही आणि ही नोंदवही यांत फरक एवढाच की एकीवर शाळेचा शिक्का आहे, दुसरीवर ग्रामपंचायतीचा. जवळजवळ प्रत्येक गावात शाळा असताना, मुलांना आजीकडून रानभाज्यांची नावे लिहून आणता येत असताना, हे काम बाहेर द्यावे लागले. पर्यावरणशिक्षण झाले आहे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

आणि हे सगळे करणे आपल्या यंत्रणेला जमत नाही, असेही नाही. इयत्ता तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक बालभारती कित्येक वर्षे जिल्हावार काढत आली आहे. चंद्रपूरच्या मुलाला चंद्रपूर आणि रत्नागिरीच्या मुलाला रत्नागिरी. म्हणजे परिसर हा जागेनुसार बदलतो, हे राज्याला आठ वर्षांच्या मुलापुरते मान्य आहे. चौथीपासून मात्र सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारी आंबोली आणि पाचशे मिलिमीटरची वाट पाहणारी आटपाडी एकाच पुस्तकात, एकाच प्रश्नावर येतात. ज्या वयात मूल खरे प्रश्न विचारू लागते, नेमके त्याच वयात त्याच्या हातून त्याचे गाव काढून घेतले जाते. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने नई तालीमची आखणी केली तेव्हा हस्तोद्योग, सामाजिक परिसर आणि नैसर्गिक परिसर हे तीन शिक्षणाचे केंद्रबिंदू मानले होते. परिसरातून शिकणे हे परदेशी खूळ आहे, असे म्हणणाऱ्यांनी सेवाग्राम कोणत्या जिल्ह्यात येते ते नकाशात पाहावे.

माझ्या मागण्या तीनच आहेत. परीक्षा मंडळाने उतरवून आणलेल्या प्रकल्पाला शून्य गुण द्यावेत. जागा, तारीख आणि मोजमाप नसलेला प्रकल्प तपासूच नये. शिक्षण विभागाने पर्यावरणाचे सारे दिन आणि शपथा बंद करून प्रत्येक शाळेकडे एकच वही मागावी, पाण्याची, कचऱ्याची, झाडांची किंवा हवेची, जी त्या गावाला लागू पडते ती. आणि तिसरी मागणी गावकऱ्यांकडे. २६ जानेवारीला झेंडावंदनाला मुले येतातच, आणि पुष्कळ गावांत त्याच दिवशी ग्रामसभाही असते. ऑक्टोबरची आणि जानेवारीची विहिरीची पातळी त्या सभेत एका मुलीने उभे राहून वाचून दाखवावी आणि ती इतिवृत्तात नोंदवली जावी. भाषण नको, घोषणा नको, दोन आकडे पुरेत. यंदाच्या ग्रामसभेत तो विषय घ्यायला सरपंचांना सांगा. सरपंच नाही म्हणाले, तर का नाही म्हणाले तेही इतिवृत्तात लिहून घ्या.